माळव्यातला ळ

"गंज? एवढ्या लांब चिखलदऱ्याला जायचं आणि तिथं गंज घ्यायचा?" राजवर्धननं पत्र उलटं करून बघितलं, जणू मागच्या बाजूला उत्तर छापलेलं असणार.

"दे इकडं." सोनमनं पत्र ओढून घेतलं आणि पुन्हा मोठ्यांदा वाचलं, "स्वयंपाकासाठी दोन मोठे गंज, एक परात व झारा मिळेल. पंधरा खाटा आपल्या नावाने राखून ठेवल्या आहेत. आपला, भी. रा. वानखडे, लिपिक."

"झारा मिळणार, खाटा मिळणार आणि वर गंज. लई दिलदार माणूस हाय."

मंडळाच्या खोलीत सतरंजीवर बसलेली पोरं खो खो हसली. सोनमही हसली, पण तिनं आधीच चौकशी केली होती. तिची आत्या आक्काताई मुरगूडच्या शाळेत शिक्षिका होती आणि त्या शाळेत नागपूरकडच्या एक बाई होत्या. "तिकडं पातेल्याला गंज म्हणतात," सोनम म्हणाली. "आता हसून झालं असलं तर पुढचं ठरवू."

१९९८ सालचा एप्रिल. आठवीची परीक्षा नुकतीच संपली होती आणि कोल्हापूरच्या त्या पेठेतल्या तेरा पोरांची मे महिन्यातली सहल ठरत होती. कुठं जायचं हे सोनम कांबळेनं जानेवारीतच ठरवलं होतं. चिखलदरा! विदर्भातलं डोंगरावरचं गाव, खाली मेळघाटचं जंगल, शेजारी गुगामलचं राष्ट्रीय उद्यान.

"गवाच बघायचा तर आपलं दाजीपूर काय वाईट हाय?" राजवर्धननं तेव्हा विचारलं होतं.

"दाजीपूर बघितलेलं हाय. मला न बघितलेलं बघायचंय."

महाराष्ट्र एक्सप्रेसनं बडनेऱ्याला उतरायचं, तिथून अमरावती, परतवाडा आणि मग घाटातली एसटी, हे सगळं तिनं वेळापत्रक पुढ्यात घेऊन वहीत उतरवलं होतं. पर्यटक निवासाला पत्रं तिनंच लिहिली. कुणी कधी भाकरी थापायची, कुणी भांडी घासायची, तेही तिनंच आखलं. नावांची यादीही तिचीच. आपलंच नाव वर कसं लिहायचं, म्हणून तिनं आपलं आणि धाकट्या भावाचं, सार्थकचं, नाव सगळ्यांत खाली लिहिलं.

तिच्या मांडीला मांडी लावून संयोगिता बसली होती. सहा वर्षं दोघी एका बाकावर. संयोगिताचे वडील सयाजीराव इंगवले सहलीला मोठं माणूस म्हणून येणार होते, सोबत एक काकू. सयाजीराव मंडळाचे अध्यक्ष. पोरं त्यांना काका म्हणायची. खोलीत शाहू महाराजांचा मोठा फोटो होता, त्याला दर जयंतीला हार घालून तासभर भाषण करायचे तेही काकाच.

"गाडीत खिडकी आपल्या दोघींची," संयोगिता सोनमच्या कानात म्हणाली.

तो मंगळवार होता.

गुरुवारी संध्याकाळी सयाजीकाका खोलीत आले आणि बसलेच नाहीत. उभ्यानंच खिशातून एक कागद काढला.

"पोरांनो, वानखडेसाहेबांचं दुसरं पत्र आलंय. जरा अडचण हाय." त्यांनी वाचलं, "छताचे काम निघाल्यामुळे पंधराऐवजी तेराच खाटा देता येतील. पातेली आपली आणावीत. तसेच गावात माळवे मिळत नाही, तरी येताना घेऊन यावे."

"दोन खाटा कमी?" सोनम म्हणाली. "मग दोघं कोण राहणार?"

काकांनी तिच्याकडं न बघता घसा खाकरला. "रीतच हाय, यादीतली शेवटची दोन नावं कमी करायची. तू समजूतदार हायस, सोनम. पुढच्या वर्षी तुलाच पहिली नेऊ."

सोनमला वाटलं, आता संयोगिता काहीतरी बोलेल. निदान "बाबा, असं कसं?" एवढं तरी. संयोगिता आपल्या पायाच्या अंगठ्यानं सतरंजीचा धागा उसकटत बसली होती.

"हे पत्र तुझ्या फायलीत ठेव," काका जाताना म्हणाले आणि कागद सोनमच्याच हातात देऊन गेले. मोठी माणसं पोरांना बिनडोक समजतात ती अशी. ज्या पोरीला फसवायचं, तिच्याच हातात पुरावा देतात, कारण ती तो वाचेल असं त्यांच्या डोक्यातच येत नाही.

घरी आक्काताईनं पत्र एकदाच वाचलं आणि घडी घातली.

"खाटा बरोब्बर दोन कमी पडल्या," ती म्हणाली. "आणि बरोब्बर आपल्याच."

"आत्या, शेवटी नाव मीच लिहिलं होतं."

"पहिलं लिहिलं असतंस तर पहिल्यापासनं मोजलं असतं त्यांनी."

सोनमला राग आला, पण आत्याचा. काकांनी मागच्याच महिन्यात तिच्या पाठीवर थाप मारून "आमची मॅनेजर" म्हटलं होतं. आत्याला सगळीकडं तेच दिसतं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. ती बोलली नाही, इतकंच.

अकरा वर्षांच्या सार्थकनं मात्र सरळ विचारलं, "आपण जमिनीवर झोपू की. खाट कशाला पायजे?"

बघा, एवढं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सोनम इंगवल्यांच्या दारात उभी राहिली. "काका, आम्ही दोघं आमची अंथरुणं आणतो. जमिनीवर झोपतो. खाट नको आम्हाला."

सयाजीकाका दाढी करत होते. त्यांचा हात गालावर थांबला. "तसं न्हाय चालत. नियम हाय तिथला."

"मग मी वानखडेसाहेबांना विचारते."

"काही विचारायचं न्हाय," काका एकदम म्हणाले. मग आवाज मऊ केला. "हे बघ बाळ, आमची आई येणार हाय संगं. बनाबाई. जुनं माणूस. एका चुलीवरचं जेवण, सगळ्यांचे हात लागणार... तिला कसं समजवायचं? तू शहाणी हायस, तुला कळतंय."

कळलं. छत कुठं आणि चूल कुठं! रात्रीतून खाटांचा प्रश्न जेवणाचा झाला होता. आजवर याच घरात ती संयोगिताबरोबर अभ्यासाला बसली होती. तेव्हा चहा तिला नेहमी बाहेरच्या सोप्यात, उंबऱ्याच्या अलीकडं, आणि नेहमी त्याच निळ्या कपात मिळायचा. कप तिला आवडायचा. आपला म्हणून ठेवलाय असं तिला वाटायचं.

ती परतली तेव्हा कोपऱ्यावर राजवर्धन तिचीच वाट बघत होता.

"सोने, त्या दुसऱ्या पत्राचं पाकीट कुठाय? पहिल्याचं तिकीट तू दिलंस मला. दुसऱ्याचं तुझ्याकडं न्हाय, काकांकडं मागितलं तर म्हणाले फाडून टाकलं. म्हटलं तुकडे द्या, मी तिकीट वाफेवर काढून घेतो. तर माझ्यावरच खेकसले." राजवर्धन पोस्टाची तिकिटं जमवायचा आणि पेठेत कुणाच्याही घरी आलेल्या पाकिटावर त्याचा हक्क आहे असं सगळ्यांनी मान्य केलेलं होतं.

सोनमनं दोन्ही पत्रं काढली. दोघं मंडळाच्या पायरीवर बसली.

"अक्षर वेगळं हाय," राजवर्धन म्हणाला. "पण हापिसात दोन कारकून असतील."

"शब्द बघ." सोनमनं बोट ठेवलं. "पहिल्यात गंज. दुसऱ्यात पातेली."

"आयला."

"आणि हे. माळवे."

"माळवं म्हंजे माळवं. वांगी, दोडका, गवारी. त्यात काय चुकलं?"

"चुकलं काहीच न्हाय. आपल्यात असंच म्हणतात. मुरगुडात म्हणतात, कोडोलीत म्हणतात. म्हणून तर आपल्याला खटकलं न्हाय. पण ज्या गावात पातेल्याला गंज म्हणतात, तिथं माळव्याला माळवं म्हणत असतील काय?"

राजवर्धननं दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. "म्हंजे पत्र चिखलदऱ्याचं न्हाय. पत्र पेठेतलं हाय."

सोनमचं बोट अजून त्या शब्दावरच होतं. माळवे. त्यातला ळ आडवा पडलेल्या भुईमुगाच्या शेंगेसारखा होता, मध्ये आवळलेला, एका टोकाला इवलीशी शेपटी. बाकीचं अक्षर मुद्दाम तिरकं काढलेलं होतं. ळ मात्र बदलायचा राहिला होता. सहा वर्षं तिनं तो ळ शेजारच्या वहीत बघितला होता. "तुझ्या ळला भाजून खावंसं वाटतं," असं ती कितीदा तरी म्हणाली होती.

तिनं कागदाची घडी घातली. "आधी खात्री करू," ती म्हणाली. खरं तर आपण चुकतोय अशीच खात्री तिला हवी होती.

एसटीडी बूथवर राजवर्धन दाराला पाठ लावून उभा राहिला. पहिल्या पत्रावर छापलेला नंबर चौथ्या वेळी लागला.

"हॅलो, कोन बोलून राह्यलं?"

"मी सोनम कांबळे, कोल्हापूरहून."

"हां, थे पत्र लिहिनारी पोरगी. बोल न."

"साहेब, तुमचं दुसरं पत्र मिळालं."

"कोनतं दुसरं? मी तं एकच धाडलं, बाप्पा."

"छताचं काम निघालंय ना?"

"छताले काय झालं? मी त्याच्याखालीच बसलो आहो."

सोनमनं डोळे मिटले. "आणि माळवं मिळत नाही, असं..."

"मालवन? थे तं तुमच्या तिकडं समुद्रावर आहे."

"मालवण न्हाय साहेब. माळवं. भाजी."

"मंग भाजी म्हन न पोरी. भाजी लय भेटते. आन् पंधरा खाटा तुमच्याच आहेत, कमी कायले करू?"

राजवर्धन बाहेर पोट धरून हसत होता. सोनम बूथमधून आली तेव्हा तिचा चेहरा बघून तो थांबला. "अगं, जिंकलो की आपण."

"हो," ती म्हणाली.

अजून एक गोष्ट राहिली होती आणि ती तिला एकटीलाच करायची होती. शनिवारी दुपारी संयोगिता खोलीत एकटी सापडली. सामानाची यादी चालू होती. सोनम नेहमीसारखी शेजारी बसली.

"मी येत न्हाय, पण यादी पुरी करून देते. मी सांगते, तू लिही. तांदूळ."

संयोगितानं लिहिलं.

"तेल. मीठ. चटणी. काडेपेटी."

संयोगिता लिहीत होती. उन्हानं खोली तापली होती, खालून रसवाल्याची घंटा ऐकू येत होती.

"माळवं," सोनम म्हणाली.

पेन थांबलं. संयोगितानं मान वर केली नाही. कागदावर पेनाचं टोक टेकलेलं, शाईचा ठिपका मोठा होत गेला. मग तिनं भराभर लिहिलं, भाजी.

सोनम उठली. चप्पल घालून ती जिना उतरली.

रविवारी सकाळी शेवटची बैठक. सोमवारी सयाजीकाका स्टेशनावर रिझर्व्हेशनला जाणार होते, त्यामुळं आज ठरेल ते ठरेल. सगळ्यांच्या घरची मोठी माणसं आली होती. बनाबाई सतरंजीच्या कडेला भिंतीला टेकून बसली होती. आक्काताई दाराशी उभी होती. तिला कुणी बस म्हटलं नाही, तीही बसली नाही.

"तर दोन नावं नाइलाजानं कमी करावी लागली," काकांनी सुरुवात केली. "सोनमनं फार मोठं मन दाखवलंय, तिचं कौतुक..."

तेवढ्यात कोपऱ्यातून राजवर्धनचा आवाज आला. सोनमशी ठरल्याप्रमाणं त्यानं मंडळाच्या फोनवरून नंबर लावला होता आणि रिसीव्हर कानाला धरला होता. "काका, चिखलदऱ्याचे वानखडेसाहेब हायत. तुम्हालाच मागतायत."

मंडळाचा फोन जुना होता. त्यातून बोलणारा माणूस अख्ख्या खोलीला ऐकू जायचा. आजवर सगळे त्याला शिव्या द्यायचे.

काकांनी रिसीव्हर हातात घेतला, नाइलाजानं.

"कोन, सयाजीराव का?" वानखडेसाहेब गडगडले. "आवो, छत चांगलं आहे बरं. पंधराच्या पंधरा या. आन् थे माळवं का काय म्हनते, थे कायले ओझं करून आनता? इथं भाजी भेटते न. आन् मी दुसरं पत्र धाडलंच नाही, कोनी मस्करी केली वाटते तुमची."

आधी खोलीत हशा पिकला. मग एकेकाला कळत गेलं आणि हसू तुटत तुटत बंद झालं. काकांनी रिसीव्हर ठेवला.

सोनम उभी राहिली. "हे पहिलं पत्र, पाकिटासकट. हे दुसरं, पाकीट न्हाय. पहिल्यात गंज, दुसऱ्यात पातेली आणि माळवं. दुसरं पत्र ह्या पेठेत लिहिलंय. काका, आम्ही जमिनीवर झोपतो म्हटलं, तेव्हा तुम्ही मला छताचं कारण दिलं न्हाय. चुलीचं दिलं. बनाआजींना आमचा हात लागलेलं चालत न्हाय म्हणून सांगितलं."

सगळ्यांच्या माना बनाबाईकडं वळल्या. म्हातारीनं कान पुढं केला. "काय म्हणती ती?"

कुणीतरी सांगितलं.

"मी?" बनाबाई म्हणाली. "मी कुठं निघालीया? माझं गुडघं रंकाळ्यापातूर न्हेत न्हाईत आणि मी त्या दऱ्याला जातीया व्हय? सया, माझ्या नावावर कशाला पावती फाडतूस?" मग जरा थांबून तिनं सरळ सांगून टाकलं, "म्या बी शिवाशिव पाळलीया, खोटं कशाला बोलू? पण मला न्हाय चाललं तर मी तोंडावर म्हंटलं असतं. पत्र कशाला लिवीन? मला लिवाय येतं काय?"

काकांचा चेहरा पडला. "माझ्या मनात तसं काही नव्हतं. पण लोक काय म्हणतील..."

"कुठले लोक?" दाराशी उभ्या आक्काताईनं विचारलं. "नावं सांगा. सगळे हितंच बसल्यात."

काकांनी खोलीभर नजर फिरवली. एकही नाव त्यांच्या तोंडातून आलं नाही. आणि हेही सांगायला हवं, की खोलीतले दोघंतिघं त्या वेळी खिडकीतून बाहेर बघत होते.

"पण पत्राचं अक्षर सयाजीचं न्हाय," राजवर्धनचे वडील म्हणाले. "लिहिलं कुणी?"

सोनमनं संयोगिताकडं बघितलं. तिनं बोलावं म्हणून सोनम थांबली. संयोगिता ओढणीचं टोक पिळत होती.

"मला म्हाईत हाय," सोनम म्हणाली. "पण ते मी सांगायचं न्हाय. ज्यानं लिहिलं त्यानं सांगायचं."

राजवर्धनच्या वडिलांनी मग बैठक आपल्या हातात घेतली. पोरांना कोण नेणार, असं त्यांनी विचारलं, तर राजवर्धन बसल्या जागेवरून म्हणाला, "आक्काताई. त्यांना मे महिनाभर सुट्टी हाय आणि त्या खोटं पत्र लिहीत न्हाईत." पोरांचे हात पटापट वर गेले. मोठ्यांचेही गेले, काही जरा उशिरा. सयाजीकाका खाली उतरून गेले.

मग कौतुक सुरू झालं. एकानं सोनमच्या डोक्यावरून हात फिरवला. "काय डोकं चालवलंय पोरीनं. एका शब्दावरनं पकडलं. पोलिसात पाठवा हिला."

"लई हुशार. कांबळ्याची पोरगी नाव काढणार."

"एवढ्या हुशार पोरीला मागं ठेवून कसं चाललं असतं?" एक काकू म्हणाल्या.

सोनमनं त्यांच्याकडं बघितलं. "काकू, मी हुशार नसते तर?"

"म्हंजे?"

"मला ते माळवं कळलंच नसतं, तर सार्थक आणि मी घरी बसलो असतो. आणि तुम्ही सगळी उद्या तिकिटं काढून मोकळी. गुरुवारपासनं आमची नावं गेल्यात. तुमच्यातलं कोण विचारायला आलं?"

काकूंनी पदर सारखा केला. राजवर्धनचे वडील खाली बघत म्हणाले, "खरं हाय, पोरी. आम्ही यायला पायजे होतं." एवढं मात्र ते बोलले आणि त्या दिवशीच्या सगळ्या कौतुकातलं तेवढंच सोनमनं ठेवून घेतलं.

खोली रिकामी झाली. आक्काताई आणि सार्थक खाली थांबले. सोनम रिझर्व्हेशनचा फॉर्म भरत बसली होती, तेव्हा संयोगिता दारातून परत आली.

"बाबांनी सांगितलं म्हणून लिहिलं मी," ती म्हणाली. "ते म्हणाले, सोनमला वाईट वाटू नये म्हणून पत्राचं निमित्त करू. मी न्हाय म्हणू शकले नाही. तुला कसं सांगू कळेना."

"काल पेन थांबलं तेव्हा सांगता आलं असतं. आज विचारलं तेव्हा सांगता आलं असतं."

संयोगिता रडायला लागली. सहा वर्षांत ती रडली की सोनम तिचे डोळे पुसायची. आज ती फॉर्म भरत राहिली. सार्थक कांबळे, वय अकरा. राजवर्धन, वय तेरा. मग तिनं पुढच्या रकान्यात लिहिलं, संयोगिता इंगवले, वय तेरा.

संयोगितानं ते वाचलं आणि नाक ओढत जवळ सरकली. "म्हंजे तू माफ केलंस?"

"न्हाय," सोनम म्हणाली. "वानखडेसाहेबांनी तेरा पोरांच्या खाटा धरल्यात. त्यातली एक तुझी हाय. कुणाची खाट काढून घ्यायची नसते."

तिनं फॉर्मची घडी केली, पेनाला टोपण लावलं आणि जिना उतरून आत्याकडं निघून गेली.